हाक पोहोचते, दार उघडत नाही

गेल्या वर्षी रमजानच्या दोन महिने आधी अम्मीचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर १६२. अम्मीने तो कागद दस्तरख्वानवर चपात्यांच्या डब्याशेजारी ठेवला आणि आमच्याकडे असं पाहिलं, जणू कोणी तिच्यावर चोरीचा आळ घेतला आहे. "चहात साखर घेत नाही त्याला तीन वर्षं झाली. शीरखुर्मासुद्धा ईदला दोन चमचे. मग ही साखर आली कुठून?"

त्याच कागदावर खाली आणखी एक आकडा होता, रक्तातल्या इन्शुलिनचा. तो कमी नव्हता, चांगलाच वाढलेला होता. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "चाची, तुमच्या अंगात इन्शुलिन कमी नाही, उलट जास्तच आहे. पण तुमच्या पेशी त्याचं ऐकत नाहीत." अम्मीला हे मुळीच पटलं नव्हतं. शुगर म्हणजे इन्शुलिन कमी पडणं हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे, आणि कालचा हा डॉक्टर मला उलटंच सांगतो, असं तिचं म्हणणं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. अम्मीला समजावता समजावता मलाही पुष्कळ काही नव्याने वाचावं लागलं. आपल्यातल्या बहुतेक घरांत आज कोणाला ना कोणाला शुगर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणून हे आपणा सर्वांसाठी लिहिते आहे.

आधी एक हिशेब. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या उपाशीपोटीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरला ९० मिलिग्रॅमच्या आसपास साखर असते. गुणाकार केला तर सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. बस्स! आता बिर्याणीची एक भरलेली प्लेट घ्या. त्यातला भात पचल्यावर याच्या दहा पटीहून जास्त साखर रक्तात उतरते. भात, पाव, चपाती सगळ्याची शेवटी साखरच होते, गोड खाल्लं काय आणि न खाल्लं काय. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातली साखर दोन-तीन तासांत पुन्हा जागेवर येते. म्हणजे कोणीतरी ती उचलून पेशींच्या आत नेऊन ठेवतं. ती उचलण्याचा हुकूम कोण देतं आणि पेशी तो कसा ऐकते, हीच सगळी गोष्ट आहे.

हुकूम निघतो स्वादुपिंडातून. जठराच्या मागे असलेल्या या अवयवात पेशींचे छोटे छोटे पुंजके असतात. पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये ते पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांचं काम काय हे त्यालाही कळलं नव्हतं. समुद्रातल्या बेटांसारखे दिसणारे म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणू लागले, आणि बेटाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरूनच पुढे इन्शुलिन हे नाव आलं. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी ते स्वादुपिंडातून वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. हाडांचा सापळा झालेला तो मुलगा सावरला. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पण इन्शुलिनबद्दलचा आपला गैरसमजही इथूनच सुरू झाला असं मला वाटतं. त्या मुलाच्या अंगात इन्शुलिनच नव्हतं, ते दिलं आणि तो जगला. म्हणून आपण इन्शुलिनला एखाद्या भरपाईच्या औषधासारखं समजतो. खरं तर इन्शुलिन म्हणजे एक निरोप आहे. ५१ मण्यांची ही एवढीशी माळ स्वतः साखर जाळत नाही, साठवतही नाही. ती रक्तातून पेशीच्या दारापर्यंत जाते, हाक देते आणि काही मिनिटांत रक्तातून नाहीशी होते. पुढचं सगळं पेशीने करायचं असतं.

पेशीचं आवरण तेलकट असतं. इन्शुलिनला निरोप देण्यासाठी त्यातून आत जावं लागत नाही. आवरणात एक खास प्रथिन बसवलेलं असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. मराठी पुस्तकांत त्याला ग्राही म्हटलं आहे. त्याचे दोन भाग बाहेर रक्ताच्या बाजूला असतात आणि दोन भाग आवरण भेदून आत उतरलेले असतात. दाराची बेल डोळ्यांसमोर आणा, बटण बाहेर आणि घंटी आत. बाहेरच्या भागाला इन्शुलिन चिकटलं की सगळ्या रिसेप्टरचा आकार बदलतो. आतले दोन पाय एकमेकांजवळ येतात आणि एकमेकांना फॉस्फेटचे छोटे टिळे लावतात. हे आतले पाय स्वतःच असे टिळे लावणारे कारागीर आहेत, हे १९८२ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या रोनाल्ड कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं.

टिळा लागलेला रिसेप्टर जवळच वाट पाहत असलेल्या दुसऱ्या प्रथिनाला टिळा लावतो, ते तिसऱ्याला जागं करतं, तिसरं चौथ्याला. लग्नघरात मोठ्या अब्बांनी "पाहुणे आले" एवढं म्हटल्यावर निरोप जसा ओसरीतून स्वयंपाकघरात आणि तिथून परसदारी पोहोचतो, तसंच. या साखळीच्या शेवटी असतात पेशीचे खरे दरवाजे.

हे दरवाजे मला सगळ्यांत नवलाचे वाटतात. ग्लुकोज आपणहून आवरणातून आत शिरू शकत नाही, त्याला दार लागतं. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ही दारं नेहमी भिंतीत बसवलेली नसतात. ती पेशीच्या आत, बारीक बुडबुड्यांत गुंडाळून ठेवलेली असतात. इन्शुलिनची हाक आली की बुडबुडे वर सरकतात, आवरणात मिसळतात आणि दारं भिंतीत उघडी होतात. साखर आत ओतली जाते. हाक थांबली की दारं पुन्हा आत घेतली जातात. इन्शुलिन साखरेला पेशीत शिरायला वाट करून देतं, हे शिकागोच्या रॅशमिएल लेव्हिन यांनी १९४९ मध्येच म्हटलं होतं. पण दारं अशी आतून वर येतात हे कळायला १९८० साल उजाडलं. त्या वर्षी कुशमन आणि वर्डझाला या जोडीने, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे सुझुकी आणि कोनो या जोडीने, उंदरांच्या चरबीच्या पेशींवर ते दाखवून दिलं.

इथे अम्मीने विचारलं, "सगळ्या पेशी सारख्याच वागतात का?" नाही. अजान सगळ्या मोहल्ल्यासाठी एकच असते, पण ती ऐकून प्रत्येक घरात वेगळी हालचाल होते. कोणी वुजू करायला उठतं, कोणी दुकानाचं शटर अर्धं ओढतं, कोणी डोक्यावर ओढणी घेऊन टीव्हीचा आवाज बंद करतं. इन्शुलिनचंही तसंच आहे. स्नायू दारं उघडून साखर आत घेतात. कलेजी, म्हणजे यकृत, स्वतः साखर तयार करून रक्तात सोडत असतं, ते थांबवतं आणि साठवायला लागतं. चरबीच्या पेशी आपली चरबी रक्तात सोडणं बंद करतात. मेंदू मात्र या हाकेची वाट पाहत नाही. त्याची साखरेची दारं कायम उघडीच असतात, कारण त्याला एक क्षणही उपाशी राहणं परवडत नाही. हाकेत फरक नाही, फरक ऐकणाऱ्याच्या घरात आहे.

आणि उलट हाक देणारेही असतात. पोट रिकामं झालं की त्याच बेटांतून ग्लुकागॉन निघतं आणि यकृताला सांगतं, साठवलेली साखर बाहेर काढ. माणूस घाबरला, तापाने फणफणला किंवा रागावला की अॅड्रेनॅलिन तेच सांगतं. बाहेरची हाक आतल्या कामात कशी उतरते, हे पहिल्यांदा पकडलं अर्ल सदरलँड या अमेरिकी शास्त्रज्ञाने. यकृताच्या पेशी फोडून त्यांचे तुकडे वेगवेगळे करून त्यांनी पाहिलं. अॅड्रेनॅलिन फक्त आवरणाच्या तुकड्यांवर काम करत होतं, पण त्यातून एक छोटासा रेणू तयार होत होता आणि तो रेणू आवरणाशिवायही पुढचं काम चालू करत होता. बाहेरचा निरोप्या दारातच थांबतो आणि आत दुसरा निरोप्या धावतो, असा तो शोध. १९७१ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. दर टप्प्यावर एकाचे अनेक होत जातात, त्यामुळे चिमूटभर हार्मोनने ढीगभर साखर हलते. घरात आजारपण किंवा मय्यत झाल्यावर काही गोड न खाताही शुगर चढलेली दिसते, ती यामुळेच. अम्मीला हे ऐकून जरा बरं वाटलं. नानीच्या इंतकालनंतर तिची साखर पहिल्यांदा वाढलेली सापडली होती आणि तेव्हा नात्यातल्या बायकांनी तिच्या जेवणाला दोष दिला होता.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. इन्शुलिन भरपूर, तरी साखर चढलेली, हे कसं?

लंडनचे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये रुग्णांना ग्लुकोज आणि इन्शुलिन एकदमच दिलं. काहींची साखर वाढली नाही, काहींची मात्र इन्शुलिन देऊनही चढत गेली. म्हणजे मधुमेह एक नाही, दोन प्रकारचे आहेत, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं आकड्यांनी पक्कं व्हायला रक्तातलं इन्शुलिन मोजता यायला हवं होतं. ते मोजण्याची रीत न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी काढली आणि १९६० च्या सुमारास सगळे चकित झाले. मोठ्या वयात मधुमेह झालेल्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात इन्शुलिन होतंच, काही वेळा निरोगी माणसापेक्षा जास्त. यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन त्याआधीच, १९७२ मध्ये वारले होते.

स्वयंपाकघरातून मुलाला हाक मारणारी आई आठवा. पहिल्या हाकेला तो उठत नाही. आई जोरात हाक मारते, तेव्हा उठतो. काही दिवसांनी त्याला जोरातच्या हाकेचीही सवय होते, मग आईला ओरडावं लागतं. पेशीचंही असंच होतं. सतत जास्त इन्शुलिन समोर असलं की पेशी आवरणावरचे रिसेप्टर कमी करते. त्याहून मोठी अडचण आत असते. जी चरबी चरबीच्या पेशींत राहायला हवी, ती स्नायूंत आणि यकृतात साचू लागली की निरोपाची साखळी पहिल्या दुसऱ्या कडीपाशीच अडकते. बेल वाजते, घरात कोणी उठत नाही. दारं बुडबुड्यांतच राहतात. यकृतालाही हाक नीट ऐकू येत नाही, म्हणून भर पोटीही ते साखर सोडत राहतं. अम्मीची सकाळची, रात्रभर काही न खाता आलेली १६२ ही साखर बरीचशी तिच्या स्वतःच्या यकृताने बनवलेली होती. चोर घरातलाच निघाला, असं मी तिला म्हटलं.

स्वादुपिंड ओरडत राहतं आणि कित्येक वर्षं त्या ओरडण्यावर साखर ताब्यात राहते. मग बेटांतल्या पेशी थकतात, आणि तेव्हा कुठे रिपोर्टमधला आकडा वर जातो. म्हणून "कालपर्यंत मला काही नव्हतं" हे सहसा खरं नसतं.

"पण मी जाड कुठे आहे?" हा अम्मीचा पुढचा सवाल. याचं उत्तर पुण्यातून मिळालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन तंतोतंत सारखं, दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांशी केली तेव्हाही हेच दिसलं. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि बाकीचे अवयव, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे साखर घेणारे स्नायू मुळातच कमी आणि हाक अडवणारी चरबी जास्त. मला यात पोटुशीच्या जेवणाचा प्रश्न दिसतो. सून सगळ्यांना वाढून मग उरलंसुरलं खाते, त्या घरात पुढच्या पिढीच्या शुगरची तयारी चालू असते, हे कडू वाटलं तरी बोललंच पाहिजे.

आता चांगली बातमी. स्नायूंच्या दारांना आणखी एक कळ आहे आणि तिला इन्शुलिन लागत नाही. स्नायू आकुंचन पावला, म्हणजे आपण चाललो, जिना चढलो, की पेशीतला वेगळाच निरोप तीच दारं वर आणतो. मधुमेह झालेल्यांतही हा मागचा रस्ता शाबूत असतो. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर साखर कमी चढते ती यामुळे. शिवाय भरपूर हालचाल केल्यावर पुढचा दिवसभर, कधी दोन दिवसही, इन्शुलिनची हाक त्या स्नायूंना जास्त चांगली ऐकू येते. "घरात दिवसभर चालतेच की मी," हे उत्तर आपल्या घरांत हमखास मिळतं. ओट्यापासून फ्रिजपर्यंतचं चालणं पायांच्या मोठ्या स्नायूंना पुरत नाही. अम्मीला रस्त्यावर एकटीने फिरायला संकोच वाटतो, म्हणून आम्ही गच्चीवर चालायचं ठरवलं. सुरुवातीला ती कपडे वाळत घालायच्या निमित्ताने जायची.

राहिला रमजान. सहरीनंतर तीन-चार तास इन्शुलिनचा अंमल असतो. मग ते ओसरतं, ग्लुकागॉनची हाक सुरू होते, यकृत आपला साठा मोडतं, आणि दुपारनंतर शरीर अधिकाधिक चरबी जाळू लागतं. निरोगी माणसात ही अदलाबदल आपोआप होते. धोका असतो औषधांचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लेमाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतात, पोटात अन्न असो वा नसो. टोचलेल्या इन्शुलिनलाही रोजा कळत नाही. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताची साखर आवरतं, त्यामुळे एकट्या मेटफॉर्मिनने साखर धोकादायक खाली सहसा जात नाही. कोणती गोळी सहरीला, कोणती इफ्तारला, कोणती कमी करायची, हे डॉक्टरांनी ठरवायचं आणि तेही रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी. स्वतःच्या मनाने इन्शुलिन बंद करणं तर लहानपणापासून मधुमेह असलेल्यांच्या जिवावर बेतू शकतं.

१३ देशांत २००१ साली झालेल्या एका मोठ्या पाहणीत या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी निदान पंधरा दिवस रोजे ठेवले होते, आणि साखर एकदम खाली जाऊन दवाखान्यात न्यावं लागण्याचं प्रमाण रमजानमध्ये कित्येक पटींनी वाढलं होतं. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर चढली तर रोजा सोडावा, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमांचं मत आहे. या एका शंकेपायी कितीतरी लोक दिवसभर तपासतच नाहीत. हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, ही अॅड्रेनॅलिनची हाक असते, साखर खाली चालली आहे म्हणून दिलेली. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या हीच हाक दाबून टाकतात, तेव्हा अशा गोळ्या घेणाऱ्यांनी थरथरीची वाट पाहू नये, मीटरवर बघावं.

अम्मीची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. इफ्तारला भजी आणि सरबत एकदम घेण्याऐवजी ती एक खजूर, पाणी आणि मग थोडं थोडं खाऊ लागली. तरावीहच्या रकातीही पायांच्या स्नायूंना कामाला लावतातच. सतरा रोजे व्यवस्थित झाले. अठराव्या दिवशी, पावणेपाच वाजता, तिच्या हातातली परात थरथरायला लागली. मीटरने ६४ दाखवलं. ती रोजा सोडायला तयार नव्हती, इफ्तारला दोन तास राहिले आहेत म्हणत होती. अब्बांनी तिच्यासमोर ग्लासभर साखरपाणी ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "बीमाराला रुख्सत देणारा तोच आहे." रडत रडत तिने ते प्यायलं. पंधरा मिनिटांनी मीटरने ९१ दाखवलं आणि ती पुन्हा पीठ मळायला बसली.

तो एक रोजा तिने डिसेंबरच्या छोट्या दिवसात कजा म्हणून ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर चालताना मी तिला विचारलं, थरथरतंय का? "नाही," ती म्हणाली, "आणि तू दर फेरीला विचारू नकोस."